पाण्याच्या भिंतीतील महाल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



जगातील नवलाच्या वास्तूंचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सातासमुद्रापलीकडची चित्रे उभी राहतात. इटलीतील पिसा येथे ११७३ मध्ये पायाभरणी झालेला मनोरा पायाखालची जमीन मऊ असल्यामुळे बांधकाम चालू असतानाच कलू लागला आणि त्या कलण्यामुळेच जगप्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या बंदरात शिडांसारख्या छपरांचे नाट्यगृह १९७३ मध्ये खुले झाले. सत्तर लाख डॉलरचा अंदाज धरून हाती घेतलेले ते काम पूर्ण होईपर्यंत खर्च दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला. ही उदाहरणे सचित्र पुस्तकांतून वाचलेली असतात, हल्ली प्रवासी कंपन्यांच्या सहलींतून ती पाहिलीही जातात. परंतु आपल्या गावाच्या वेशीपाशी, बोरी नदीच्या पात्रात, या सर्वांच्या पंगतीत मानाने बसावी अशी एक वास्तू चारशे वर्षांपासून उभी आहे आणि तिचे नवल नेमके कशात आहे, हा प्रश्न गावाने स्वतःला क्वचितच विचारला आहे. ती वास्तू म्हणजे नळदुर्ग किल्ल्यातील पाणी महाल. त्या महालाचे मर्म समजून घेणे आणि त्यातून आजच्या पिढीने काय घ्यावयाचे याचा विचार करणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

गाव, नदी आणि किल्ला

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग लागते. नळ-दमयंतीच्या कथेतील नळराजाशी लोकपरंपरेने गावाचे नाव जोडले आहे. इतिहासाच्या नोंदींत हा किल्ला प्रथम कल्याणीच्या चालुक्यांच्या एका मांडलिकाकडे, पुढे बहामनी सुलतानांकडे आणि बहामनी राज्याचे तुकडे झाल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे असल्याचे दिसते. आरंभीची तटबंदी मातीची होती व बहामनी काळात ती दगडी झाली, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. आदिलशाहीच्या सरहद्दीवर अहमदनगर आणि गोवळकोंडा ही दोन प्रबळ राज्ये होती. त्यामुळे नळदुर्ग हे विजापूरच्या उंबरठ्यावरचे ठाणे ठरले. पुढे मोगल आले, नंतर निजामाची राजवट आली. त्या राजवटीत एके काळी संपूर्ण जिल्ह्यालाच नळदुर्ग हे नाव होते. तेच नाव उस्मानाबाद झाले आणि २०२३ पासून जिल्हा धाराशिव म्हणून ओळखला जातो. नावे बदलत गेली. नदीतील भिंत मात्र जागची हलली नाही.

किल्ल्याची रचना मुळातच साधी नाही. बोरी नदी येथे काळ्या खडकाच्या टेकडीला वळसा घालून खोल पात्रातून वाहते. नदीच्या एका बाजूस मुख्य किल्ला आणि दुसऱ्या बाजूस रणमंडळ नावाचा धाकटा किल्ला, अशी ही जोडी आहे. मुख्य किल्ल्याच्या तटात नव बुरूज म्हणून ओळखला जाणारा बुरूज आहे. एका फुलाच्या पाकळ्या एकमेकींना बिलगून असाव्यात तशा नऊ अर्धगोल फुगवट्यांनी तो घडवलेला आहे. बुरूज गोल असला की तोफेचा गोळा सरळ आदळण्याऐवजी बाजूला घसरतो, एवढे लष्करी गणित सर्वच किल्ल्यांना ठाऊक होते; पण ते गणित नऊ पाकळ्यांत मांडणारा कारागीर केवळ संरक्षणाचा विचार करीत नव्हता, हे पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. किल्ल्याच्या मध्यभागी उंच उपळ्या बुरूज आहे. त्याच्या माथ्यावर हत्ती तोफ आणि मगर तोफ या दोन लांब तोफा आजही आहेत. तेथून चहूकडचा मुलूख दृष्टीच्या टप्प्यात येतो. एवढ्या वास्तू असतानाही पावसाळ्यात दूरदूरचे लोक नळदुर्गला येतात ते मात्र नदीतील बंधाऱ्यासाठी.

बंधारा आणि त्याच्या पोटातील महाल

मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगड व चुन्याचा भक्कम बंधारा घातलेला आहे. त्याची सर्वसाधारण दिली जाणारी मापे सुमारे १७४ मीटर लांबी आणि १९ मीटर उंची अशी आहेत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर सहा मजली इमारतीइतकी उंच भिंत नदीच्या आडवी उभी आहे. हा बंधारा सरळ रेषेत न जाता मोड घेत जातो. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायऱ्यांनी आत उतरले, की भिंतीच्या पोटातच कमानींनी आणि नक्षीने सजवलेले दालन लागते. हाच पाणी महाल. नदीच्या उताराच्या बाजूस त्याचे सज्जे उघडतात. बंधारा तुडुंब भरला, की जादा पाणी दोन मोठ्या वाटांनी खाली कोसळते. गावाने या दोन धबधब्यांना नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. त्या वेळी महालात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी अडवलेली नदी असते, समोर कोसळते पाणी असते, कानांत त्याचा गडगडाट असतो आणि अंगावरचे वस्त्र मात्र कोरडे राहते.

हे काम कोणी केले, याविषयी दोन नोंदी आढळतात. जुन्या इंग्रजी गॅझेटियरने बंधाऱ्याचे श्रेय अली आदिलशहास देऊन १५५८ हे साल लिहिले आहे. महालातील फारसी शिलालेखात मात्र हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ हे साल येते. तो काळ दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा. १५८० ते १६२७ अशी सत्तेचाळीस वर्षे राज्य केलेला हा सुलतान संगीताचा मोठा रसिक आणि 'किताब-ए-नवरस' या ग्रंथाचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. हिशेबाच्या वहीत मूळ पावती आणि नंतरची नोंद यांत तफावत आली, तर मूळ पावती ग्राह्य धरतात. त्याच न्यायाने महालापुरते तरी दगडावर कोरलेले साल खरे मानावे, हे योग्य. बांधणाऱ्याचे नाव मीर महंमद इमादीन असे सांगितले जाते. सुलतानांची नावे इतिहासात राहतातच. गवंड्याचे किंवा वास्तुकाराचे नाव वास्तूबरोबर टिकून राहणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

नवल नेमके कशात?

पाणी महाल पाहणारे बहुतेक जण 'आत एक थेंबही येत नाही' या गोष्टीने थक्क होतात. ते योग्यच आहे. पण खरे नवल त्याच्याही आधी सुरू होते.

हा बंधारा चैनीसाठी बांधलेला नाही. मराठवाड्याच्या या पट्ट्यात पाऊस लहरी. चार महिने जे पडेल त्यावर आठ महिने काढावयाचे, हा येथला पिढ्यान्पिढ्यांचा हिशेब आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही गोष्ट कोणी विसरलेले नाही. किल्ल्यात शिबंदी असे, घोडे असत, कुटुंबे असत. वेढा पडला की पहिला घाव पाण्यावर पडतो. तोफा असून पाणी नसेल तर किल्ला हाती देण्यावाचून गत्यंतर नसते. बंधाऱ्याने तीन कामे एकाच वेळी साधली. पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरले, अडवलेल्या पाण्याचा रुंद फुगवटा किल्ल्याच्या कुशीला भिडल्याने त्या बाजूने शत्रूला येणे अवघड झाले आणि नदीच्या दोन्ही काठांवरील दोन किल्ले एका वाटेने जोडले गेले. पाणीपुरवठा, खंदक आणि पूल या तिन्हींचा खर्च एका भिंतीत भागला. व्यवहार जाणणाऱ्या समाजाला या काटकसरीचे मोल वेगळे सांगावयास नको.

एवढे साधल्यावर कोणताही हिशेबी माणूस काम पूर्ण झाल्याचे जाहीर करून मोकळा झाला असता. नळदुर्गच्या वास्तुकाराने तेथे थांबण्याचे नाकारले. धरणाच्या भिंतीत पोकळी ठेवणे हे मोठ्या जोखमीचे काम आहे. अशी भिंत आपल्या वजनाने पाण्याला थोपवून धरते. जितके खाली जावे तितका पाण्याचा दाब वाढत जातो. भिंत आतून पोकळ केली तर तिचे वजन कमी होते, पाणी झिरपण्यास वाव मिळतो आणि एकदा पाण्याला वाट सापडली की ते ती रुंद करीत जाते. तरीही त्याने महाल भिंतीच्या उताराकडच्या अंगाला ठेवला, पाण्याकडच्या बाजूस दगड-चुन्याची पुरेशी जाडी राखली आणि जादा पाण्याला ठरलेल्या वाटा करून दिल्या. पाण्याशी हट्ट केला नाही, त्याच्या स्वभावाला धरून सोय केली. म्हणूनच चारशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन ती भिंत उभी आहे.

कापडाच्या व्यवसायात एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. सुंदर काठ निराळा विणून साध्या वस्त्राला शिवला, तर दोन धुण्यांत त्याची शिवण उसवते. काठ जेव्हा वस्त्राच्याच ताण्या-बाण्यात विणलेला असतो, तेव्हा वस्त्र टिकेल तोवर काठही टिकतो. पाणी महालाचे सौंदर्य हे असे विणलेले सौंदर्य आहे. महाल काढून घ्यावा आणि बंधारा ठेवावा, किंवा बंधारा पाडून महाल ठेवावा, असे करताच येत नाही. गरज आणि आनंद यांना एकाच भिंतीत घर देणे हे नळदुर्गचे जगाला दिलेले उत्तर आहे.

इस्फहानचा पूल आणि अमेरिकेतील घर

या उत्तराची तुलना जगातील दोन प्रसिद्ध वास्तूंशी करून पाहावी.

इराणमधील इस्फहान शहरात झायंदेरूद नदीवर खाजू नावाचा पूल आहे. दुसऱ्या शाह अब्बासने तो १६५० च्या सुमारास बांधविला. सुमारे १३३ मीटर लांबीच्या या पुलाला तेवीस कमानी आहेत. खालच्या कमानींतील दारे बंद केली की पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि काठावरच्या बागांना ते पुरवता येते. मधोमध बादशहाने बसून नदी पाहावी यासाठी दालने आहेत आणि उताराच्या बाजूस लोकांना बसण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. पूल, बंधारा आणि विहारस्थान यांचा असा संगम जगभर वाखाणला जातो. इस्फहानच्या पुलात वाटसरूंना, बागवानांना आणि सामान्य नगरजनांनाही वाटा आहे, हा त्याचा मोठेपणा मान्यच केला पाहिजे. पण शिलालेखातील साल प्रमाण मानले, तर नळदुर्गचा महाल त्याच्याहून सदतीस वर्षांनी वडील ठरतो. खेदाची बाब अशी, की अलीकडच्या दशकांत झायंदेरूद वर्षाचे बहुतेक महिने कोरडी पडते. पूल शाबूत आहे, पण त्याच्या कमानींना भेटायला येणारे पाणी आटले आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. पेनसिल्व्हेनिया राज्यात बेअर रन नावाच्या ओढ्यावर, थेट धबधब्याच्या माथ्यावर बांधलेले 'फॉलिंगवॉटर' नावाचे घर आहे. एडगर कॉफमन हे पिट्सबर्ग शहरातील एका मोठ्या दुकानाचे मालक होते. धबधबा समोर दिसेल असे घर त्यांना अपेक्षित होते. फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराने १९३५ मध्ये आराखडा केला तो घर धबधब्यासमोर न ठेवता धबधब्यावरच ठेवून. काँक्रीटचे सज्जे आधाराशिवाय पाण्यावर झेपावलेले हे घर विसाव्या शतकातील श्रेष्ठ वास्तूंमध्ये गणले जाते आणि २०१९ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परंतु ते झेपावलेले सज्जे पहिल्यापासूनच हळूहळू वाकू लागले होते. शेवटी २००२ च्या सुमारास पोलादी दोर ताणून त्यांना आतून आधार द्यावा लागला.

ही हकिकत राइटसारख्या प्रतिभावंताचे उणे दाखविण्यासाठी सांगितलेली नाही. त्या घराकडून शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. कॉफमन यांच्या पुत्राने १९६३ मध्ये ते घर एका निसर्गसंवर्धन संस्थेला दान दिले, तेव्हा घराबरोबर देखभालीसाठी निधीही दिला. पुढील वर्षापासून घर लोकांसाठी खुले झाले. सज्जे वाकत असल्याचे मोजमाप ठेवणारी, तज्ज्ञ बोलावणारी आणि खर्च उभा करणारी संस्था मागे होती, म्हणून घर वाचले. पिसाच्या मनोऱ्याचेही तसेच. तो पडण्याच्या बेतात आल्यावर १९९० मध्ये बंद केला गेला, पायाखालची माती नेमक्या बाजूने थोडी थोडी काढून त्याला सावरण्यात आले आणि २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. नवलाच्या वास्तू बांधणाऱ्यांच्या बुद्धीने उभ्या राहतात आणि सांभाळणाऱ्यांच्या चिकाटीने टिकतात.

पाणी आणि वास्तू : धाराशिवची आठवण

पाणी आणि वास्तू यांचे नाते आपल्या जिल्ह्याला आणि जैन परंपरेला नवे नाही. धाराशिव शहराजवळच्या डोंगरात जी प्राचीन लेणी आहेत, त्यांच्याशी करकंडू राजाची कथा निगडित आहे. मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत रचलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात ती येते. तेर नगरीजवळच्या डोंगरातील लेण्यात करकंडू राजाला भगवान पार्श्वनाथांच्या मूर्तीचे दर्शन होते. मूर्तीच्या आसनावर एक गाठ त्याला दिसते. ती विशोभित वाटते म्हणून राजा ती फोडावयास लावतो आणि त्या जागेतून पाण्याचा झरा उसळून सारे लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो. लेण्याची हकिकत कळल्यावर तो त्याच्या वरच्या बाजूस नवे लेणे खोदवितो. आजही धाराशिवच्या लेण्यात पार्श्वनाथांची मूर्ती आणि पाणी यांची सोबत पाहावयास मिळते.

कथा म्हणून ती रम्य आहेच, पण वास्तुशास्त्राच्या दृष्टीने तिचा बोध फार व्यवहारी आहे. पूर्वजांनी ठेवलेली एखादी गाठ, एखादा ओबडधोबड दगड, एखादी उगीच वाटणारी पन्हळ, यांना काही कारण असू शकते. ते समजून न घेता केवळ डोळ्यांना खुपते म्हणून फोडायला गेले, की पाणी आत येते. जीर्ण वास्तूला हात लावण्यापूर्वी ती नीट वाचली पाहिजे, हे करकंडू राजाच्या कथेने नळदुर्गचा बंधारा उभा राहण्याच्या कितीतरी शतके आधी सांगून ठेवले आहे.

राजस्थानातील राणकपूरचे आदिनाथ मंदिर हे याच परंपरेतील आणखी एक उदाहरण. पंधराव्या शतकात धरणाशाह या श्रेष्ठींनी ते उभारले आणि देपा या शिल्पकाराने त्याची रचना केली. तेथील स्तंभांची संख्या १४४४ सांगितली जाते आणि एका स्तंभाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. हे मंदिरही मधल्या काळात उपेक्षेच्या फेऱ्यातून गेले. सेठ आनंदजी कल्याणजी पेढीने विसाव्या शतकात त्याचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार केला, म्हणून आज लाखो यात्रेकरूंना ते पाहता येते. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपल्याकडे वडीलधारे सांगत आले ते उगीच नव्हे.

लढाया आल्या आणि गेल्या

नळदुर्गच्या दगडांनी युद्धे पुष्कळ पाहिली. १५८० नंतर अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या संयुक्त सैन्याने येथे वेढा घातला होता. १८५३ मध्ये हा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गात राहून कारभार पाहत असे. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचे आणि बंधाऱ्याचे वर्णन आढळते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्तीच्या कारवाईस प्रारंभ झाला, तेव्हा भारतीय सेनेने सोलापूरकडून येऊन बोरी नदीवरील पूल शाबूत हाती घेतला आणि नळदुर्ग काबीज केले. त्याच दिवशी शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग येथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या सन्मानाचे ते पहिले मानकरी होत. नळदुर्गच्या मातीवर सांडलेल्या त्या रक्ताचे स्मरण येथील प्रत्येक नागरिकाने ठेवले पाहिजे.

बंधाऱ्याला तोफांनी फोडले नाही, राज्यक्रांत्यांनी बुजवले नाही. आज त्याला धोका आहे तो शांततेच्या काळातील शत्रूंचा. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यात रुजते, मूळ जाड होत जाते आणि ज्या दगडाला पूर हलवू शकला नाही तो दगड मुळी हलविते. भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावे, नदीत टाकलेल्या पिशव्या आणि बाटल्या, धबधबा सुरू झाल्यावर छायाचित्रासाठी कठड्यांवर चढणारे तरुण, हे दृश्य नळदुर्गकरांच्या परिचयाचे आहे. मीर महंमद इमादीन हे नाव त्या कामाने टिकवले. खिळ्याने कोरलेल्या नावांनी फक्त दगडाचे नुकसान केले.

बोरी धरण भरून वाहू लागले म्हणजे नर-मादी सुरू होतात आणि रस्ते माणसांनी फुलून जातात. अवर्षणाच्या वर्षी मात्र धबधबे मुके राहतात आणि महालाकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक महालाची खरी तपासणी त्याच कोरड्या महिन्यांत होऊ शकते. दुकानातील माल गर्दीच्या दिवशी कोणी मोजत नाही. शिल्लक मोजावयाची ती निवांत दिवशी.

घसाऱ्याचे पान

किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, त्याची जबाबदारी शासनाची आहे आणि शासनाने एका योजनेद्वारे खासगी सहभागातून येथे डागडुजी व बागबगिच्याचे कामही करविले. तथापि गावाने आपली जबाबदारी संपली असे मानू नये. संरक्षित वास्तूला परवानगीवाचून हात लावता येत नाही, हे खरे. पण स्वच्छता राखणे, मुलांना तेथे नेऊन माहिती देणे, भिंतीत रोपटे दिसले की संबंधित कार्यालयास लेखी कळविणे आणि त्याचा पाठपुरावा करणे, यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

याहून जवळचा प्रश्न आपल्या स्वतःच्या वास्तूंचा आहे. प्रत्येक संस्थेच्या ताळेबंदात इमारतीच्या नावापुढे दरवर्षी घसारा लिहिला जातो. परंतु कागदावर घसारा लिहिणे आणि तेवढी रक्कम खरोखर बाजूला काढून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवे सभागृह बांधावयाचे ठरले की देणगीदार पुढे येतात, संगमरवरी फलकावर नावे लागतात आणि तो उत्साह स्तुत्यच असतो. दहा वर्षांनी गच्ची गळू लागली की मात्र वर्गणी मागत फिरावे लागते. कारण पन्हळ साफ केल्याबद्दल किंवा गळती बुजविल्याबद्दल कोणाच्या नावाचा फलक लागत नाही. बहुतेक धर्मशाळा, पाठशाळा आणि मंदिरे कोसळतात ती बांधणाऱ्यांच्या कृपणतेने नव्हे. सांभाळण्याची तरतूद वहीत कधीच झाली नाही, म्हणून.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात तीन गोष्टींचा संकल्प व्हावा, असे सुचवावेसे वाटते. पहिली, प्रत्येक नव्या बांधकामाच्या देणगीतील ठरावीक हिस्सा देखभाल निधी म्हणून मुदतठेवीत ठेवावा आणि मुद्दल कधीही मोडू नये. दुसरी, दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी इमारतीची पाहणी करून गच्ची, पन्हळी, भिंतींतील रोपटी आणि गळतीच्या जागा यांची नोंद एका स्वतंत्र वहीत ठेवावी. पुढच्या पिढीला ती वही मंदिराच्या दस्तऐवजाइतकीच मोलाची वाटेल. तिसरी, जुन्या दगडी व चुन्याच्या बांधकामावर घाईने सिमेंटचा गिलावा करू नये. चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते आणि दगड आतून खराब होऊ लागतो. चांगल्या हेतूने केलेली अशी दुरुस्ती करकंडू राजाने फोडविलेल्या गाठीसारखीच ठरते.

आणखी एक विचार पाण्याविषयी. पाणी गाळून आणि जपून वापरावे, पाण्यातही जीव आहे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ज्या प्रदेशात थेंबाला एवढी किंमत, त्या प्रदेशातील प्रत्येक धर्मवास्तूच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात न जाता विहिरीत किंवा टाक्यात उतरले, तर नळदुर्गच्या बंधाऱ्याचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे चालविला असे म्हणता येईल. बंधाऱ्याची गरज तीच होती, आजची गरजही तीच आहे.

संस्थेला पन्नास वर्षे झाली. पन्नास वर्षांचा काळ माणसाच्या आयुष्यात मोठा असतो. दगडाच्या आयुष्यात तो सकाळचा पहिला प्रहर. पाणी महालाला चारशेहून अधिक वर्षे झाली आणि येत्या पावसाळ्यात बोरीला पाणी आले, की नर आणि मादी पुन्हा कोसळू लागतील. त्या दिवशी मुलाबाळांना घेऊन अवश्य जावे. त्यांना धबधबा दाखवावा, पण त्याआधी ज्या भिंतीवर आपण उभे आहोत ती भिंत दाखवावी. ती कशासाठी बांधली, तिने पाण्याला वाट कशी दिली आणि ती कोणी सांभाळली तर टिकेल, हे त्यांना समजावून सांगावे.

 संस्थेच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.

जय जिनेंद्र!